क्रॉसवरची तारीख

एर्सिलिया फोर्केराच्या घरी गेलं की ती "या" म्हणत नाही, आणि "बसा" तर नाहीच नाही. चुलीजवळचा स्टूल पायानं पुढे ढकलते आणि येर्बाच्या, म्हणजे आमच्याकडच्या कडू चहाच्या, पेल्यात गरम पाणी ओतायला लागते. पेला हातात आला की समजायचं, आपलं स्वागत झालं. शहरातून आलेले लोक दारात घुटमळत राहतात, कोणीतरी बोलावेल म्हणून. मी त्यांना मागून ढकलून आत घालतो.

मी एवारिस्तो, शास्त्रज्ञांच्या केंद्राची गाडी चालवतो. मालार्गुए गावाच्या पूर्वेला जो पिवळा माळ पसरलाय, त्यावर त्यांनी पाण्याच्या टाक्या मांडून ठेवल्यात, एकमेकींपासून लांब लांब, नजर जाईल तिथपर्यंत. टाकीत अगदी स्वच्छ पाणी आणि मिट्ट काळोख. आकाशातून, सूर्याच्याही कितीतरी पलीकडून, बारीक कण येतात म्हणे. ते वर हवेवर आपटून फुटतात आणि त्यांचा सडा खाली पडतो. टाकीतल्या पाण्यातून गेले की निमिषभर उजेड होतो, आणि टाकी तो केंद्राला कळवते. कोणत्या टाकीला आधी दिसला, कोणत्या टाकीला मागून, त्यावरून कण कोणत्या बाजूनं आला ते काढतात. पण इतक्या जोरात त्याला फेकलं कोणी, हे अजून कोणाला नक्की सांगता येत नाही. मी बॅटऱ्या बदलतो आणि तारा कुरतडणाऱ्या प्राण्यांना शिव्या देतो. विश्वाचं कोडं सुटलं तर मला कळवतीलच.

एक टाकी एर्सिलियाच्या नवऱ्याच्या, लिबोरियोच्या जमिनीवर आहे. परवानगी मागायला शास्त्रज्ञ आले तेव्हा त्यानं करडू कापलं. ते आगीवर भाजत असताना त्यांची परीक्षाच घेतली.

"म्हणजे हे कण येतात कुठून?"

"तेच तर शोधतोय, डॉन लिबोरियो," त्यांच्यातला एक अदबीनं म्हणाला.

"आणि कशाला येतात?"

"तेही ठाऊक नाही."

"मग बसा जेवायला. आम्हालाही ठाऊक नाही. पाद्रीबाबांना ठाऊक आहे म्हणतात, पण ते सांगायला लागले की मला झोप येते."

टाक्यांना शाळेतली पोरं नावं देतात, अशी इथली पद्धत. लिबोरियोनं मास्तरणीशी भांडून आपल्या करड्या घोडीचं नाव टाकीला लावलं, तोर्दिया. त्याच्या लेखी ती टाकी पाहुणी होती. आपल्या जमिनीवर उतरलीय म्हणजे तिचं हवं-नको आपण बघायचं. तिकडून जाताना तो घोडीवरून उतरायचा आणि टाकीवरच्या सोलर पॅनलची धूळ अंगावर पांघरलेल्या पोंचोच्या टोकानं पुसायचा. कोणी सांगितलं नव्हतं. पगार तर नव्हताच. मी एकदा चिडवलं, "कंपाद्रे, तू पुसतोस म्हणून माझी नोकरी जाईल." तर म्हणाला, "तुझी नोकरी जायला एवढं लागत नाही."

एर्सिलियानं माझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं, तेव्हापासून ती माझ्या मुलीची धर्ममाता, माझी कोमाद्रे; मी तिचा कंपाद्रे आणि लिबोरियो माझा. नात्यापेक्षा घट्ट असतं हे. भांडण झालं तरी मोडता येत नाही.

एका हिवाळ्यात लिबोरियो पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या भावाकडे गेला होता. सोमवारी परतायला निघाला आणि वाटेत पांढरा वारा सुटला. बर्फ वरून पडत नाही तेव्हा, आडवा येतो, आणि आपलाच हात आपल्याला दिसत नाही. मंगळवारी घोडी एकटीच घरी आली, खोगीर पोटाखाली फिरलेलं. बुधवारी आम्ही शोधायला निघालो, अर्थातच पश्चिमेकडे, भावाच्या वाटेवर. गुरुवारीही गेलो. शेजारच्या यान्येझकडच्या धाकट्याची बोटं त्या दिवशी काळी पडली. त्याला चुलीजवळ बसवला तर तो ओरडतही नव्हता, नुसता बोटांकडे बघत होता.

एर्सिलियानं ते पाहिलं आणि म्हणाली, "बस झालं. आता कोणी जायचं नाही."

"कोमाद्रे, उद्या वारा पडला तर—"

"एकाच्या पायी दुसरा नको. तो गेला. सोमवारीच गेला असणार. घरी जा सगळे."

आम्ही घरी गेलो. वसंतात बर्फ उतरल्यावर पश्चिमेचा सगळा पायथा पुन्हा पालथा घातला, काही सापडलं नाही. टोपीसुद्धा नाही.

मृतदेह नाही म्हणजे पुरायला काही नाही. तरी दफनभूमीत एर्सिलियानं एक लोखंडी क्रॉस रोवला आणि त्यावर पाटी लावली. पाटीवर नाव, जन्माची तारीख, आणि पुढे मोकळी जागा. कोर्टानं काही वर्षांनी कागदावर स्वतःचीच एक तारीख टाकून त्याला मेलेला ठरवला. पाद्रीबाबा म्हणाले, तीच पाटीवर घालू, म्हणजे वर्षश्राद्धाची प्रार्थना तरी ठरल्या दिवशी होईल.

"कोर्टाला काय ठाऊक?" एर्सिलिया म्हणाली. "कोर्ट होतं का तिथं?"

"मग सोमवार घाल. तूच म्हणालीस सोमवार."

"ते मी तेव्हा म्हणाले. मला तरी कुठं ठाऊक आहे?"

जागा मोकळीच राहिली. सगळ्या गावाच्या मेलेल्यांना आपापला दिवस होता, मेणबत्ती लावायचा, फुलं न्यायचा, रडायचा. लिबोरियोला नव्हता. एर्सिलिया रडली नाही. पहिल्या वर्षी लोक म्हणाले धीराची बाई, दुसऱ्या वर्षी म्हणाले दगड. ती शेळ्या पिळायची, चीज दाबायची, कोणी विनोद केला तर योग्य जागी हसायची. कधी कधी वाक्याच्या मध्येच थांबायची आणि मग ते वाक्य तसंच सोडून द्यायची. एकदा मला म्हणाली, "मला काही वाटतच नाही, कंपाद्रे. वाटायला पाहिजे ना? तो बरा माणूस होता." मी काय सांगणार? म्हटलं, वाटेल. ती म्हणाली, "कधी? मला दिवस सांग, म्हणजे त्या दिवशी मी इतर कामं ठेवत नाही." हे ती गंमत म्हणून बोलत नव्हती.

तिला खरोखर एवढंच हवं होतं. एक दिवस.

पुढे बऱ्याच वर्षांनी केंद्रात नोएमी ब्रुनेत्ती आली. कॉर्दोबाची, उंच, येर्बात साखर घालणारी. तेवढं एक सोडलं तर बाई चांगली. तोर्दियाची अँटेना दुरुस्त करायला मी तिला घेऊन गेलो आणि येताना एर्सिलियाकडे थांबलो. स्टूल पुढे आला, पेला आला. नोएमीनं साखर मागितली. एर्सिलियानं माझ्याकडे अशी नजर टाकली, की हे ध्यान कुठून आणलंस.

मग बोलता बोलता नोएमी कणांवर आली. हे लोक कुठूनही सुरुवात करोत, कणांवरच येतात.

"यातले काही पृथ्वी व्हायच्या आधी निघालेले असतील," ती म्हणत होती. "ते कुठून निघाले ते कळलं, तर हे सगळं कसं झालं त्याचा थोडा अंदाज येईल. आत्ता आपण बसलोय तरी त्यांचा सडा पडतोच आहे. तुमच्या हातातूनही जातोय, डोन्या एर्सिलिया."

एर्सिलियानं हात उलटा-सुलटा करून पाहिला. "मला काही होत नाही."

"कोणालाच काही होत नाही."

"लिबोरियोच्या अंगातूनही जात होते?"

"हो."

"मरत होता तेव्हाही?"

नोएमीनं पेला खाली ठेवला. लिबोरियोची गोष्ट मी तिला गाडीत सांगितली होती. "हो. तेव्हाही. नंतरही."

"मग तुमच्या टाकीला ठाऊक असणार," एर्सिलिया म्हणाली. चिजाला मीठ कमी पडलं असं सांगावं, तसं ती बोलत होती. "माणूस मरतो तेव्हा अंगातून काहीतरी निघतं. तुमची टाकी एवढं बारीक पकडते, तर ते सुटलं नसेल. तू फक्त दिवस बघून सांग."

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. शिकलेल्या माणसासमोर आपलं माणूस असं काही बोललं की आधी राग येतो, मग रागाची लाज वाटते. नोएमी हसली नाही.

"टाकीला ते दिसत नाही, डोन्या एर्सिलिया."

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग बघून ये. आणि मग नाही म्हण."

परतताना मीच नोएमीला म्हणालो, डॉक्टर, मनावर घेऊ नका, एकटी राहते. तर म्हणाली, "तिचं चुकलं कुठं? मी न बघताच नाही म्हटलं. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याचे कान उपटले असते."

पुढच्या आठवड्यात तिनं मला केंद्रात बोलावलं. पडद्यावर रेषाच रेषा. मला वाटलं पुन्हा कण, मी पळवाट शोधायला लागलो.

"डॉन लिबोरियो हरवले त्या आठवड्यातले सगळे उजेड मी पाहिले," ती म्हणाली. "नेहमीसारखेच आहेत. मी नाही म्हणाले ते बरोबर होतं. पण टाकी बाकीही कळवत असते. बॅटरी किती, आत थंडी किती, पॅनलमधून वीज किती. नाही म्हणायचंच आहे, तर सगळं बघून म्हणावं म्हणून तेही काढलं. हे बघ, त्या भागातल्या टाक्यांची पॅनलं. सगळी बर्फाखाली, सगळ्या रेषा तळाला. आणि ही तोर्दिया."

तोर्दियाची रेषाही तळाला होती. बुधवारी दुपारी ती एकदम वर उठली, आणि मग हळूहळू पुन्हा बसली. गुरुवारी पुन्हा उठली. शनिवारी सकाळी आणखी एकदा. त्यानंतर नाही.

"बिघडलं असेल पॅनल," मी म्हणालो.

"बिघडलेलं पॅनल खाली जातं, वर नाही."

"वाऱ्यानं उडाला असेल बर्फ."

"असेल. पण मग शेजारच्या एकाही टाकीवरचा का नाही उडाला? आणि बर्फ घसरला तर रेषा वेडीवाकडी चढते. ही एका झटक्यात चढलीय, तिन्ही वेळा. हे काय आहे मला माहीत नाही, एवारिस्तो. तुला माहीत आहे का?"

मला माहीत होतं. पोंचोचं टोक मला दिसत होतं. तोर्दिया घराच्या पूर्वेला आहे, खाऱ्या तळ्याच्या बाजूला. आम्ही पश्चिमेला शोधत होतो. म्हणजे त्या वाऱ्यात तो स्वतःच्या घराजवळून पुढे निघून गेला होता आणि त्याला घर दिसलं नव्हतं. टाकी लागली तेव्हा तिच्या आडोशाला बसला असेल. पाय मोडला असेल, नाहीतर वारा पडायची वाट बघत असेल. आणि हातानं पाहुणीची काच पुसत असेल. का पुसत होता देव जाणे. सवयीनं असेल. टाकी बोलती राहिली तर कोणीतरी येईल, असं वाटलं असेल. शेवटी उठून चालायला लागला असेल तो सरळ तळ्याच्या दलदलीत, आणि तिथं आम्ही कधी बघितलंच नाही.

नोएमी हळू आवाजात म्हणाली, "रविवारी आकाश उघडलं, तेव्हा तुमची गाडी कोणत्या टाक्यांकडे गेली?"

"ज्या मुक्या झाल्या होत्या त्यांच्याकडे. बॅटऱ्या गेल्या होत्या."

"तोर्दिया मुकी झाली नव्हती."

मी तिच्याकडे बघितलं. त्यानं काच पुसली नसती तर टाकी बंद पडली असती. टाकी बंद पडली असती तर रविवारी मी तिथं गेलो असतो. मी उठून खिडकीशी गेलो.

"हे तिला सांगायचं नाही," मी म्हणालो. "यातलं काहीच सांगायचं नाही. तिनं गुरुवारी शोध थांबवला, डॉक्टर. तिच्या तोंडानं थांबवला. तुम्ही जाऊन सांगणार, तो शनिवारपर्यंत होता म्हणून?"

"रविवारचं सांगणार नाही. ते तिनं विचारलेलं नाही. दिवस विचारलाय."

"खोटं सांगा. बघितलं, काही दिसलं नाही म्हणा. ती तेवढ्यावर गप्प बसेल."

"बसेल. आणि मग माझ्या कुठल्या 'नाही'ला अर्थ राहील?"

"तुमचा अर्थ गेला खड्ड्यात!"

एवढं बोलून मी निघून आलो. आयुष्यात वरच्या माणसावर पहिल्यांदा ओरडलो. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तीच गाडीपाशी येऊन उभी राहिली आणि मी मुकाट्यानं दार उघडलं. कारण एक गोष्ट मला कितीही घोळवली तरी सुटत नव्हती. तो एर्सिलियाचा नवरा होता. त्या रेषेवर माझ्यापेक्षा तिचा हक्क जास्त होता.

एर्सिलिया चीज उलटत होती. नोएमीनं सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, कुठं घाई न करता. टाकीनं जीव जाताना पाहिला नाही, हे आधी सांगितलं. मग पॅनलचं. बुधवार, गुरुवार, शनिवार.

"शनिवारनंतर काय झालं ते मला दिसत नाही," ती म्हणाली. "शनिवारी कोणीतरी काच पुसली, एवढंच दिसतं. तो डॉन लिबोरियोच होता, असंसुद्धा मला म्हणता येणार नाही."

"तू नको म्हणूस," एर्सिलिया म्हणाली. "ते मी म्हणेन. त्या बर्फात दुसरा कोण येऊन काच पुसणार आहे?"

तिनं हातातलं चीज फळीवर ठेवलं, फडक्यानं झाकलं. "शनिवारी केव्हा?"

"सकाळी. अकराच्या सुमारास."

एर्सिलिया माझ्याकडे वळली. "शनिवारी सकाळी आपण काय करत होतो, कंपाद्रे?"

मी चुलीत एक लाकूड सरकवलं.

"जपमाळ," तीच म्हणाली. "याच खोलीत. तुझी बायको पुढं म्हणत होती आणि आपण मागून. मृतात्म्याला शांती दे. आणि तो तिकडे काच पुसत होता."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. नोएमीचे डोळे भरून आले होते, माझेही. एर्सिलियाचे कोरडे. तिनं आमच्यासाठी येर्बा केला आणि नोएमीच्या पेल्यात न मागता साखर घातली.

पुढच्या आठवड्यात तिनं निरोप धाडला, गाडी घेऊन ये. क्रॉसवरची पाटी तिनं स्क्रू काढून आणली होती, ओच्यात गुंडाळून. आम्ही मालार्गुएला डॉन अबेलच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. अक्षरं तोच उठवतो, लोखंडावर वितळतं लोखंड टाकून.

"शनिवारची तारीख मी कागदावर काढून आणलीय," मी वाटेत म्हणालो. उगीच काहीतरी उपयोगी पडावं म्हणून.

दुकानात तिनं पाटी टेबलावर ठेवली आणि अबेलला तारीख तोंडानंच सांगितली. मी कागद बघितला. पुन्हा बघितला.

"कोमाद्रे, हा गुरुवार झाला. शनिवार दोन दिवसांनी."

"ठाऊक आहे."

"अगं, पण शनिवारी तो जिवंत होता. तुला कळलं ना? डॉक्टरनं सांगितलं ना?"

"कळलं. शनिवारी तो जिवंत होता." तिनं मोकळ्या जागेवरची धूळ अंगठ्यानं काढली. "पण गुरुवारी मी म्हणाले, तो गेला, घरी जा. त्याला मेलेला मी केला तो गुरुवारी. पुढचे दिवस तो एकट्यानं जगला, ते मी कोणत्या तोंडानं पाटीवर घालू? गुरुवार लिही, अबेल."

अबेलला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या यान्येझच्या पोराची बोटं, तो वारा, तिच्या जागी कोणीही असतं तरी हेच केलं असतं, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिच्याकडे बघितलं आणि गिळून टाकलं. मी मान हलवली. अबेलनं चेहऱ्यावर मुखवटा ओढला.

काम झाल्यावर तो म्हणाला, "जरा निवू द्या." ती थांबली नाही. पाटी फडक्यात गुंडाळून गाडीत येऊन बसली आणि मांडीवर ठेवून तारखेवर हात दाबून धरला. फडकं पातळ होतं. करपल्याचा वास गाडीभर झाला.

"कोमाद्रे, हात काढ. भाजतंय."

"कळतंय मला," एर्सिलिया म्हणाली. तिनं हात काढला नाही.